बर्फाच्या खणातलं औषध

“फ्रीज नाही? मग शुगर कशाला करून घेतली?”

औषधाच्या खिडकीतला माणूस असं म्हणाला आणि मागची रांग हसली. फार मोठ्याने नाही. सरकारी दवाखान्यात माणसं हसतात तेवढीच.

त्याच्या आधी आई एवढंच म्हणाली होती, “साहेब, आमच्याकडं फ्रीज नाय.” त्यावर हे उत्तर. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती बोलेल. आईचं तोंड पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं. बांधाच्या भांडणात, रेशनच्या दुकानात ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. पण आई हसली. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून, रांगेबरोबर तीही हसली. मग औषधाची बाटली पदराच्या टोकात बांधली आणि मला म्हणाली, “चल गो.”

मी तेव्हा आठवीत होते. शुगर मला झाली होती, आईला नाही. म्हणजे तो प्रश्न खरं तर मला होता. शुगर कशाला करून घेतली? मी घरी जाईपर्यंत त्याचा विचार केला. मला वाटलं, काहीतरी केलं असेल मी.

दवाखाना कुठल्या गावातला ते सांगणार नाही. नाव सांगितलं तर तुम्ही म्हणाल, तिथलाच तो माणूस तसा होता. तसं नाही ते. आमचा पाडा डोळखांबकडच्या डोंगरात. भात, नाचणी, आणि दिवाळी झाली की वीटभट्टी. त्या वर्षी बाबा एकटेच भट्टीवर गेले. माझ्यामुळे आई घरी राहिली. मी आधी पाणी पीत सुटले होते, रात्रभर उठत होते, अंगावरचे कपडे ढिले पडत चालले होते. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं. तिथे काही दिवस ठेवलं, सुई कशी टोचायची ते शिकवलं. आईला आणि मलाही. सकाळी जेवणाआधी, संध्याकाळी जेवणाआधी, रोज, जन्मभर. मग म्हणाले, आता औषध तुमच्या जवळच्या दवाखान्यात मिळेल, तिथून घ्या.

ती जवळची खिडकी म्हणजे ही. जाळी लावलेली, खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक. आत पंखा, बाहेर पत्र्याखाली आम्ही. पाड्यावरची बाई आली की तो माणूस वर बघायचाच नाही. कागद घ्यायचा, गोळ्यांची पट्टी कात्रीने कापायची, भोकातून पुढे सरकवायची. “दोन टाइम. पुढचा.” झालं. कसली गोळी, कशासाठी, किती दिवस, चुकली तर काय, काही नाही. बायका बाहेर येऊन पिंपळाच्या पारावर बसायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, “तुला काय बोलला? ही कवा घ्यायची?” मग सगळ्या मिळून अंदाज करायच्या. आमच्याकडे औषध असंच चालायचं, अंदाजाने.

मला तेव्हा वाटायचं, त्याला सांगता येत नसेल. काही माणसं मुळात कमी बोलतात. पण त्याच दिवशी, आई बाटली पदराला बांधत होती तेव्हा, गावातले एक रिटायर मास्तर आले. ते रांगेत आले नाहीत. बाजूच्या दाराने आत गेले. औषधवाला उठून उभा राहिला. “या काका, बसा.” मग जाळीतून मला सगळं ऐकू येत होतं. ही नाश्त्यानंतर घ्या. ही झोपताना. चक्कर आल्यासारखं वाटलं तर बंद करू नका, मला येऊन सांगा. उभं राहताना सावकाश उठा हं, काका. किती गोड बोलत होता. त्याने मास्तरांना पाणीसुद्धा दिलं.

मी तिथे उभी राहून ऐकत होते. मला राग आला असं आठवत नाही. मला काहीच वाटलं नाही. फक्त एवढं कळलं, की ह्याला सांगता येतं.

आम्हाला त्याने जे सांगितलं ते एवढंच होतं: “फ्रीजमध्ये ठेवायची. खराब झाली तर परत मिळणार नाही.” त्यावर आई म्हणाली फ्रीज नाय, त्यावर तो म्हणाला शुगर कशाला, त्यावर सगळे हसले, आणि सांगणं तिथेच संपलं.

परत मिळणार नाही, हे आईच्या डोक्यात बसलं. वाटेत ती त्या पदराच्या गाठीवर सारखा हात ठेवत होती.

आमच्या ओळखीत फ्रीज एकच. पाड्याखाली डांबरी रस्ता लागतो, तिथल्या दुकानदाराचा. थंड बाटल्या आणि पोरांसाठी रंगीत पाण्याच्या बर्फाच्या कांड्या ठेवायचा तो त्यात. माणूस वाईट नव्हता. आई त्याच्याकडे लाकडाचा भारा घेऊन गेली. आईचं तसंच होतं, कुणाकडे मागायला रिकाम्या हाताने जायची नाही. पुढेही कधी करवंदं, कधी वालाच्या शेंगा नेत राहिली. दुकानदार म्हणाला, “ठेव की. औषधच हाय ना.” बाटली त्याने थंड बाटल्यांच्या शेजारी उभी केली.

पण मग गिऱ्हाइकं विचारायला लागली. ही काय बाटली? कुणाची? पाड्यावरच्या पोरीची? सुईचं औषध? एकाने हातात घेतलेली थंड बाटली परत ठेवली म्हणे. दुकानदाराला ते अवघड झालं. त्याने आमची बाटली उचलली आणि वरच्या खणात, बर्फाच्या कांड्यांच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी ठेवून दिली.

आईला त्याने सांगितलं तेव्हा आईला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मला म्हणाली, “वरच्या खणात ठेवलाय आपलं. तिथं एकदम गार असतं.” फ्रीज थंड म्हणून चांगला, तर बर्फ त्याहून चांगला. खालच्या खणात सगळ्यांच्या बाटल्या, आपलं औषध वर. ह्यात तिला मान वाटला. आम्हाला इतकं वरचं कुणी कधी काही दिलं नव्हतं.

त्यानंतर सकाळी शाळेआधी आम्ही दोघी खाली दुकानात जायचो. दुकान उघडेपर्यंत मी उपाशी बसायची, कारण सुई जेवणाआधी. दुकानदार बाटली काढून द्यायचा. ती दगड झालेली असायची. आई ती मुठीत धरायची, मग काखेत धरायची, पातळ होईपर्यंत. मग आम्ही दुकानाच्या मागे जायचो आणि तिथे, गोणपाटाच्या आडोशाला, मी माझ्या पोटात सुई टोचायची. संध्याकाळी परत तेच. आधी ते औषध दुधासारखं एकसारखं असायचं. आता त्यात कण दिसायला लागले, नासलेल्या दुधात दिसतात तसे. सुईत अडकायचे. मी आईला दाखवलं. आई म्हणाली, “गोठलाय म्हंजी ताकद धरलीय त्यानी.”

मी पण तेच मानलं. मानायला दुसरं काही नव्हतं.

मग तहान परत आली. उन्हाळा होता, सगळ्यांनाच तहान लागत होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग पाय जड झाले. शाळेत मी बाकावर डोकं टेकून बसायची. बाई म्हणायच्या, घरी जा. घरी जाणं म्हणजे डोंगर चढणं, म्हणून मी बसूनच राहायची. आई रोज न चुकता मला दुकानात नेत होती. एकही वेळ चुकली नाही ती. एका सकाळी मला उलट्या सुरू झाल्या आणि आई म्हणते, माझ्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते जीपचं छप्पर, आणि आई सारखी कुणाला तरी सांगतेय, “औषध देतेव आमी. रोज देतेव. बर्फात ठेवतेव.”

शहापूर, मग तिथून पुढे शहराचा मोठा दवाखाना. दोन्ही हातांना नळ्या. मी तिथे बराच काळ नुसती पडून होते. लोक म्हणतात, मरणाच्या दारात भीती वाटते. मला भीतीबिती काही वाटली नाही. शेजारच्या खाटेवरची बाई रडायची, तिचा आवाज यायचा, पण तो लांब कुठेतरी चाललाय असं वाटायचं. स्वतःचा हात दिसायचा पण माझा वाटायचा नाही.

तिथल्या सिस्टरने आईला विचारलं, औषध कुठे ठेवत होता? आईने सांगितलं. सिस्टर ओरडली नाही. म्हणाली, “मावशी, बर्फात ठेवलं की हे औषध मरतं. नुसतं पाणी टोचत होतात तुम्ही.” आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आई त्या दिवशी जेवली नाही. रोज आपल्या हाताने, काखेत ऊब देऊन, ती मला मेलेलं औषध देत होती. हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं ते.

बरी होऊन आले तसे आम्ही परत त्याच खिडकीवर गेलो. दुसरी खिडकी नव्हती. आईने मोठ्या दवाखान्याचा कागद आत सरकवला. औषधवाल्याने तो वाचला आणि पहिल्यांदाच वर बघितलं.

“बर्फात ठेवलं? इन्सुलिन बर्फात ठेवतं का कोणी?” तो रांगेला ऐकू जाईल असं बोलला. “अडाणी ते अडाणीच. मारली असती पोरगी हिने.”

आईने हात जोडले. “चुकलं, साहेब.”

मी आईच्या हातांकडे बघत होते. भात लावून, विटा थापून कडक झालेले ते हात. ते जाळीसमोर जोडलेले. आणि ती परत हसते की काय असं मला वाटलं. ओठ तसेच हलले तिचे. ते हसू यायच्या आत मला बोलायचं होतं. का ते तेव्हा कळत नव्हतं, पण ते हसू मला परत बघायचं नव्हतं.

मी म्हटलं, “तुमी सांगितलं नाय.”

तो म्हणाला, “काय?”

“तुमी सांगितलंच नाय. बर्फात नाय ठेवायचं, असं तुमी बोललंच नाय.”

आईने माझा दंड धरला आणि इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. औषधवाल्याने नवी बाटली भोकातून पुढे सरकवली आणि म्हणाला, “पुढचा.”

मी बाटली घेतली नाही. हात मात्र भोकात घातला आणि तिथेच ठेवला. ते भोक एका हाताचंच होतं. माझा हात तिथे असताना दुसऱ्या कुणाला औषध देता येणार नव्हतं. हे मी ठरवून केलं नाही. हात गेला आणि राहिला.

“हात काढ.”

“सांगा, मग काढते.”

“ए पोरी, हात काढ म्हणतो ना.”

तुम्हाला वाटेल, मागची माणसं माझ्या बाजूने बोलली असतील. नाही बोलली. मागून एक आवाज आला, “चल गो, टाइम जातोय. गाडी जायची.” दुसरी बाई म्हणाली, “केवढीशी पोर आणि तोंड बघा.” ती आमच्याच पाड्याच्या पलीकडची. तिच्या हातातही कागद होता, तिलाही कुणी काही सांगणार नव्हतं, आणि तिला माझाच राग आला होता. मला तिचाही राग आला नाही. माझ्यात तेव्हा राग मावायला जागाच नसावी. हात तेवढा होता.

औषधवाल्याने इकडे तिकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता, पाठ केलेलं म्हणावं तसं तो बोलला. “फ्रीजमध्ये खालच्या खणात ठेवायची. बर्फात नाही. उन्हात नाही. कण दिसले तर वापरायची नाही, परत आणायची.” तो थांबला. मी हात काढला नाही. मग तो हळू बोलला, पुढच्या माणसालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू.

“फ्रीज नसेल तर मडक्यात. मोठ्या मडक्यात पाणी घालायचं, आत छोटं मडकं, त्यात बाटली. सावलीला. चालतं तसं.”

मी हात काढला. बाटली घेतली.

त्याला माहीत होतं. हे मला बाहेर आल्यावर कळलं, पारापाशी. पहिल्या दिवशी, आई फ्रीज नाय म्हणाली तेव्हा, त्याला मडक्याचं माहीत होतं. ते सांगायला जेवढा वेळ लागला असता तेवढाच वेळ शुगर कशाला करून घेतली म्हणायला लागला. त्याने त्यातलं एक निवडलं. आमच्याकडे फ्रीज नव्हता, पण मडकी होती. घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, गारव्याला, एकावर एक. माझं औषध माझ्याच घरात राहिलं असतं. आईला भारे वाहावे लागले नसते. मला गोणपाटामागे पोट उघडं करावं लागलं नसतं.

चढ लागला तेव्हा आई थांबली आणि म्हणाली, “आनी त्यानी औषध दिलंच नसतं तर? मंग काय केला असतास तू?”

आई भित्री नव्हती. माझा जीव त्या जाळीच्या आत होता आणि आई बाहेर उभी होती. हसली नसती तर काय केलं असतं तिने? हे मला फार उशिरा समजलं, तोवर त्या हसण्यासाठी तिचाच राग यायचा. मग मला आईचा राग यायचा बंद झाला आणि जिथे यायला पाहिजे तिथे यायला लागला.

घरी गेल्यावर आईने कोपऱ्यातलं मोठं मडकं पुढे ओढलं, धुतलं, पाणी भरलं. छोटं आत ठेवलं. बाटली त्यात ठेवून वर झाकणी घातली. मग मडक्याच्या गार पोटावर हात ठेवून बराच वेळ तशीच बसली.

आता माझं लग्न झालंय. सासर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या बाजूला. नवरा टेम्पो चालवतो. सोयरीक ठरायच्या आधी मी सगळं सांगितलं होतं, सुई, मडकं, सगळं. आता घरात फ्रीज आहे, तरी उन्हाळ्यात लाइट गेली की मी मडकं काढते. पायाच्या बोटांना मात्र आता नीट कळत नाही. डॉक्टर कापूस लावतात आणि डोळे मिटायला सांगून विचारतात, कळतंय का? कधी कळतं, कधी मी नुसतीच हो म्हणते. चप्पल पायातून निघून गेली तरी काही वेळा मागे वळून बघावं लागतं. इतक्या वर्षांच्या शुगरचं हे, असं ते म्हणतात. त्या उन्हाळ्याचा ह्यात किती वाटा ते कोण सांगणार. कुणी सांगत नाही.

खिडकी इथेही आहे. जाळी, भोक, पत्रा. आतली माणसं बदलतात. एक मुलगी होती, ती फार नीट सांगायची, बाहेर येऊन सांगायची. तिची बदली झाली. आता आहे तो वाईट बोलत नाही. बोलतच नाही.

परवा माझ्यापुढे एक बाई होती. कडेवर तापलेलं लेकरू, पाय मातीने भरलेले. खूप लांबून आली असणार. त्याने तिला बाळाच्या औषधाची बाटली दिली, आत नुसती पावडर. “पाणी घालून दे. पुढचा.” तिने बाटली उलटी करून बघितली. म्हणाली, “किती पानी, साहेब?” तो म्हणाला, “लिहिलंय त्याच्यावर. वाच की.”

आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून.

ते हसू मी ओळखते. माझ्या अंगात काहीतरी तापलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा अगदी पायापर्यंत. ती निघाली होती. मी तिचा हात धरला. “थांब गो.”

मग मी माझा हात भोकात घातला. त्याने माझी बाटली माझ्या हातावर ठेवायला घेतली. मी मूठ मिटली.

“आधी हिला सांगा,” मी म्हटलं. “कसलं पाणी, कुठंवर घालायचं, किती पाजायचं, किती दिवस. मग माझं द्या.”

मागून कुणीतरी टाइमाचं बोललंच. ते बोलणारच. मी मागे बघितलं नाही.

तो म्हणाला, “तुम्ही कोण हिच्या?”

“रांगेतली,” मी म्हटलं, आणि हात तिथेच ठेवला.